विसाव्याचा आकडा

मिरजेच्या मालगाव रस्त्यावरच्या 'निंबोणी' शुश्रूषागृहात भेटायला येणाऱ्यांना आता चहाच्या आधी अंगठी मिळते. काळी, रबरी, बोटाला घट्ट बसणारी. तृप्ती आवटी गेले चौदा महिने दर रविवारी कोल्हापूरहून येऊन ती अंगठी बोटात चढवत होती आणि दर रविवारी नापास होत होती.

नापास हा शब्द तिचा स्वतःचा. अंगठी कुणालाच नापास करत नाही. पेशंटच्या जवळ आत्ता कोण आहे, एवढंच ती सांगते; सेविकांच्या बोटातही ती असतेच. खरं काम करते ती पेशंटच्या कानामागे चिकटवलेली, टिकलीएवढी पट्टी. नाडीचा ताल, कातडीवरचा घाम, मानेतला ताण हे सगळं ती टिपते आणि त्यावरून शून्य ते शंभरमधला एक आकडा काढते. सरकारी कागदात त्याला 'विसावांक' म्हणतात, लोक नुसतं 'विसावा' म्हणतात. पूर्वी शुश्रूषागृहाची तपासणी म्हणजे फरशी पुसली आहे का आणि रजिस्टरं भरली आहेत का, एवढंच बघणं. आदल्या दिवशी भिंतींना रंग मारला की काम भागायचं. आता पेशंटचं अंगच साक्ष देतं. कुणाच्या हाताखाली ते सैल पडतं आणि कुणाच्या हाताखाली आखडतं, हे लपवता येत नाही.

तृप्तीची आई शालन मगदूम. तृप्तीच्या हाताखाली तिचा विसावा अडतीस. पुढच्या रविवारी एक्केचाळीस. मग छत्तीस. आणि त्याच आईचा, त्याच खोलीत, श्रावणी कोळेकर नावाच्या सेविकेजवळ नव्वद, ब्याण्णव, एकोणनव्वद. आठवड्याचा हा तक्ता रविवारी संध्याकाळी नातलगांच्या फोनवर येतो. परतीच्या एसटीत तृप्ती तो उघडायची आणि कोल्हापूर येईपर्यंत तिच्या पोटात दुखत राहायचं. नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा म्हणतात, तशी या तृप्तीची गत होती.

तिचा हेवा जुना होता. शालनबाई बेडगला छत्तीस वर्षं अंगणवाडी चालवत. रोज सकाळी चाळीस पोरांची नाकं पुसायच्या, नखं कापायच्या, पोरींच्या वेण्या घालून वर दुमडून लाल रिबिनी बांधायच्या. तृप्ती फणी घेऊन रांगेत उभी राहिली की म्हणायच्या, "तू घरचीच हैस. तुझा नंबर शेवटी." शेवटचा नंबर यायच्या आत खिचडी उतरवायची वेळ व्हायची, आणि तृप्तीची वेणी शेजारची काकू कशीबशी ओढून द्यायची. दहावी झाल्यावर तृप्तीने केस कापून टाकले. ते आजतागायत तिने कानाखाली वाढू दिले नाहीत.

दीड वर्षापूर्वी शालनबाईंच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि त्यांची वाचा गेली. हातपाय शाबूत, समजही बरीचशी शाबूत, पण शब्द आटले. एकच उरला, "बस." तृप्ती भाकरी कुस्करून भरवायला लागली की चार घासांत "बस". पायांना तेल चोळायला लागली की "बस". म्हणजे पुरे. तृप्ती वाटी खाली ठेवायची, हात पुसायची आणि उठायची. मग आई तिच्याकडे बघून पुन्हा म्हणायची, "बस!" तेव्हा तर आवाजात उघड चीड असायची.

या तिमाहीत 'निंबोणी'च्या नातलग-परीक्षकाची चिठ्ठी तृप्तीच्या नावाने निघाली. सगळाच भरवसा आकड्यांवर ठेवायचा नाही म्हणून कायद्याने ही सोय केली आहे. कुठेतरी विसावा फुगवायला पेशंटना गुंगीचं औषध दिल्याचं उघडकीला आलं होतं. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी एका नातलगाला एक दिवस पूर्ण मोकळीक मिळते. कुठलंही कपाट उघडा, कुणालाही विचारा आणि शेवटी फोनवरचा अर्ज भरा. त्यात कुणाच्या नावावर लाल नोंद झाली, तर त्याचा परवाना त्याच क्षणी थांबतो. चौकशी मागाहून.

चिठ्ठीचा निरोप आला तेव्हा तृप्तीला आनंद झाला. कसला आनंद, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

मंगळवारी सकाळी आठलाच ती हजर झाली. व्यवस्थापक चौगुले सरांनी किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात दिला. तृप्तीने फरशी बघितली नाही, स्वयंपाकघर बघितलं नाही. आधी औषधांचं कपाट उघडलं. सगळं डॉक्टरांच्या चिठ्ठीबरहुकूम होतं. मग तिने आईच्या पाण्याच्या पेल्याचा वास घेतला.

"कोळेकर त्यांचा डबा कुठं ठेवतात?" तिने विचारलं.

"डबा?" चौगुले सर गोंधळले. "मॅडम, डब्यात भाकरीच असणार ओ."

भाकरीच होती. बरोबर लसणाची चटणी. तृप्तीने ती बोटावर घेऊन चाखलीसुद्धा, आणि मग तिची तिलाच लाज वाटली.

श्रावणीला तिने आईला इथे आणलं त्या दिवशी ओझरतं पाहिलं होतं. रविवारी श्रावणीची सुट्टी, त्यामुळे पुन्हा गाठ पडली नव्हती. आज नीट पाहिलं. पस्तिशीची, जतकडची, दोन पोरांची आई, आणि डोक्यावर शाळकरी मुलीसारख्या वर दुमडलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी बांधलेल्या. बाकीच्या सेविका येताजाता तिला हसत होत्या आणि तिला त्याचं काहीच नव्हतं. त्या रिबिनी तृप्तीला कुठंतरी पाहिल्यासारख्या वाटल्या. पण राग आधी आला आणि आठवण मागे राहिली.

दुपारी तिने आईचा महिनाभराचा आलेख काढला. विसावा दिवसभर पन्नास-साठच्या घरात असायचा आणि रोज साडेतीनला एकदम नव्वदीवर चढायचा. फक्त रविवारी तो चढत नव्हता. म्हणजे जे काय घडत होतं, ते साडेतीनला घडत होतं.

साडेतीनला श्रावणी खोलीत गेली. दार अर्धवट लोटलेलं होतं. तृप्ती बाहेर उभी राहिली. श्रावणीने औषध दिलं नाही, पाय चेपले नाहीत. शालनबाईंच्या खुर्चीपुढे त्यांच्याकडे पाठ करून ती जमिनीवर मांडी घालून बसली, एवढंच. बाईंनी तिच्या रिबिनी सोडल्या, फणी घेतली, मधोमध भांग पाडला आणि पेड घालायला सुरुवात केली. ओठांनी कसलंसं गुणगुणत होत्या. श्रावणीचे डोळे मिटले. तिला चक्क डुलकी लागली. शेवटची गाठ मारून झाल्यावर बाईंनी तिच्या तोंडावरून दोन्ही हात उतरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली, कडाकडा.

तृप्तीच्या फोनवर आकडा आला, त्र्याण्णव.

अर्जातलं सतरावं कलम तिला पाठ होतं. पेशंटकडून स्वतःची सेवा करून घेणे. थेट लाल नोंद. त्याखाली दोन रकाने होते. सेवा देणारी व्यक्ती या रकान्यात तिने आईचं नाव भरलं. सेवा घेणारी व्यक्ती या रकान्यात श्रावणी कोळेकर. नाव लाल झालं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या पोटातलं दुखणं थांबलं. 'पाठवा' दाबायच्या आधी तिला श्रावणीचा चेहरा बघायचा होता, म्हणून तिने दार ढकललं.

"कोळेकर, उठा! आजारी बाईकडून वेण्या घालून घेता? काही वाटत नाही?"

श्रावणी धडपडून उठली. "मी न्हाई सांगितलं, मॅडम. बाईच म्हणाल्या."

"आईला बोलता येत नाही."

"येतंय की. बस म्हणत्यात."

"बस म्हणजे पुरे!"

"न्हाई ओ. पुरे असलं की त्या ताट सारत्यात. बस म्हंजे बस. खाली बस." श्रावणीने जमिनीकडे हात केला. "पयल्या दिशी मी बीपी बघाय आले, तर धा येळा म्हणाल्या. म्हटलं, बसून तर बघू. बसले, तर केसातच हात घातला की."

साठ रविवार. आई खाली बस म्हणाली की तृप्ती उठत होती.

पण अर्थ कळला म्हणून हेवा जात नाही, उलट त्याला नवं खाद्य मिळतं. "मग हे मला का सांगितलं नाहीत?" ती ओरडली. "आपल्यापाशीच ठेवलंत!"

"वहीत लिवलंय." श्रावणीने खाटेला टांगलेली वही दाखवली. पहिल्याच पानावर वळणदार अक्षरात होतं : बाईंना रोज कुणाची तरी वेणी घालू द्यावी. "वही कोण वाचतंय, मॅडम? समदे आकडंच बघत्यात."

मग तिची नजर तृप्तीच्या फोनवर गेली. तिथे तिचंच नाव होतं, लाल अक्षरांत.

"परवाना गेला की मला दुसरीकडं कोन घेणार न्हाई," ती हळू आवाजात म्हणाली. "पोरं ल्हान हैत माझी. पर ते ऱ्हाऊ द्या. उद्या साडेतीनला बाईंच्या पुढं कोन बसणार, तेवढं ठरवून जावा."

तृप्तीचा अंगठा 'पाठवा'वर होता. शालनबाई एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "बस."

सवयीने श्रावणी खाली वाकली.

"ती मला म्हणाली!" तृप्ती म्हणाली. बावन्न वर्षांच्या बाईच्या तोंडून हा आवाज कसा निघाला, ते तिचं तिलाच कळलं नाही. श्रावणी बाजूला झाली आणि तृप्ती खुर्चीपुढे जमिनीवर बसली.

आईची बोटं केसांत शिरली. खाली सरकली, आणि केस तिथेच संपले. बोटं पुन्हा वर जाऊन शोधू लागली. आईने वैतागून "च्च" केलं, तृप्तीच्या लहानपणी अंगणवाडीतल्या पोरींना करायची तसं. मग तिने ठाम हाताने भांग पाडला आणि होते तेवढ्या केसांचे दोन शेंडे वळले. रिबिनी नव्हत्या. श्रावणीने स्वतःच्या वेण्यांच्या सोडल्या आणि बाईंच्या हातात दिल्या. आजही रिबीन दुसऱ्या पोरीचीच, हे तृप्तीच्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

मांडीवरच्या फोनवर आकडा चढत होता. चव्वेचाळीस. अठ्ठावन्न. बाहत्तर. एक्याऐंशीवर तो थांबला. श्रावणीपेक्षा बारा कमी. म्हणजे डोळे भरून आले होते तरी वजाबाकी झालीच.

फोन थरथरला. विसाव्याची तशीच चढण, म्हणून सतराव्या कलमाखाली आणखी एक अंगठी आढळली आहे, क्रमांक एकतीस. रकाने भरा. सेवा देणारी व्यक्ती. सेवा घेणारी व्यक्ती.

एकतीस ही तिचीच अंगठी. तिने पहिल्या रकान्यात आईचं नाव घातलं, पुसलं, दुसऱ्यात घातलं, पुन्हा पुसलं. मग वरचं श्रावणीचं नाव पुसलं. यंत्राने विचारलं, लाल नोंद मागे घेण्याचं कारण? तिने लिहिलं, 'मी बसले', आणि फोन जमिनीवर पालथा ठेवला.

"ताई, मान हलवू नगा," श्रावणी म्हणाली. मघापासूनची मॅडम आता ताई झाली होती. "भांग वाकडा हुतोय."

दुसऱ्या रिबिनीची गाठ बसली. आईचे दोन्ही हात तृप्तीच्या गालांवरून सावकाश खाली उतरले आणि दूर झाले. पंचेचाळीस वर्षांनी तिचा नंबर लागला होता. मागे वळून बघायची तिची हिंमत होईना. ती तशीच बसून राहिली. श्रावणीसाठी मोडली तशी आई आपल्यासाठीही बोटं मोडेल का?