काचेवर दोनदा टकटक

टॅक्सी स्टँडवर तिला सगळे इन्स्पेक्टरीणबाई म्हणत. शाळेत ती गेली ती जेमतेम दोन वर्षं, सही करायला अजून घाम फुटायचा; पण गाडीच्या बाबतीत भल्याभल्यांचे कान उपटायची. नवरा गेल्यापासून गाडी धाकटा मुलगा चालवत होता, आणि धाकट्याला ती चालवत होती.

रोज सकाळी ती मागच्या सीटवर बसायची. पुढे कधीच नाही. "गिऱ्हाइकाला काय दिसतं ते पुढे बसून कळतं होय रे?" मग सीट दाबून बघायची, नाक वर करून वास घ्यायची, काचेवरून बोट फिरवून धूळ आहे का बघायची. औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर उतरली की बाहेरून अंगठीने काचेवर दोनदा टकटक. दोनदा म्हणजे, जा आता. धाकटा मागे न बघता हात वर करायचा आणि गाडी स्टँडकडे सुटायची. नऊ वर्षं यात खंड नव्हता.

परवान्याच्या टॅक्सीत कॅमेरा सक्तीचा झाला तेव्हा स्टँडवर बोंबाबोंब झाली. कोणी कॅमेऱ्याला मोजा घातला, कोणी टोपी. हिने सगळ्यांच्या आधी बसवून घेतला, आरशाच्या वर, बरोबर मधोमध. "ज्याच्या मनात पाप त्याला भीती. आपल्याकडे झाकायला आहे काय?"

तीन आठवड्यांनी परवाना कचेरीचं पत्र आलं. धाकट्याने वाचून दाखवलं. तीन वेगवेगळ्या प्रवाशांची एकच तक्रार होती. गाडी आम्ही एकट्यासाठी केली, तरी मागे एक म्हातारी आधीच बसलेली होती. उतरायचं नाव नाही. वाटभर चालकाला बोलत होती. तक्रार खरी ठरली तर परवाना रद्द.

"कोणाला बसवून फिरतोस रे?"

"कोणालाच नाही." तो कपातला चहा नुसताच ढवळत राहिला. "आई, तू कोपऱ्यावर उतरतेस ना रोज?"

"नाही तर काय उडत घरी येते? की ही भाजी आभाळातून पडली?"

तो हसला नाही. "तू उतरल्यावर पुढेही तुझा आवाज ऐकू येतो मला. क्लच सांभाळ. उजवीकडे बघ. मला वाटायचं, कानांना सवय लागलीय."

"कानांत मळ झालाय तुझ्या," ती म्हणाली.

कचेरीतली खोली अरुंद होती. पंखा एका फेरीला एकदा कुरकुरत होता. साहेब धाकट्याहूनही लहान, सर्दीने बेजार. त्याने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "आवाज नाही, फक्त चित्र आहे. मंगळवारची सकाळ."

पडद्यावर ती होती. राखाडी स्वेटर, हातात पिशवी. सीट दाबली, वास घेतला, काचेवर बोट फिरवलं. स्वतःला असं वरून पाहून तिला जरा ऐटच वाटली.

औषधांचं दुकान आलं. गाडी थांबली. दार उघडलं, दार लागलं.

ती सीटवरच होती.

"इथे उतरता म्हणालात," साहेब म्हणाला.

"उतरलेच की! दुकानदाराला विचारा."

तेवढ्यात पडद्यावर, बंद काचेच्या बाहेरून एक हात आला. बोटातली अंगठी सैल होती, तिला लाल दोरा गुंडाळलेला. हाताने काचेवर टकटक केली. एकदा. दुसऱ्यांदा.

आत बसलेलीने मान वळवून त्या हाताकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

धाकट्याने आईच्या बोटाकडे पाहिलं. लाल दोरा. तिने हात पिशवीखाली घेतला.

साहेबाने नाक पुसलं. "बाहेरचा हात कोणाचाही असेल. मला एवढंच सांगा, आत ही कोण? घरचं माणूस असेल तर परवाना गेला. परकी बाई बळजबरीने बसत असेल, तर तसं लिहून द्या. चालकाला ताकीद देऊन सोडतो."

जन्मात ती कोणापुढे खोटं बोलली नव्हती. तिने पोराच्या मानेकडे पाहिलं. नऊ वर्षं मागून पाहिलेली मान.

"ही माझी कोणी नाही," ती म्हणाली.

"म्हणजे, ही तुम्ही नाही?"

"मी नाही."

साहेबाने लिहिलं, वाचून दाखवलं. चित्रातली बाई मी नाही. त्या गाडीत मी बसत नाही. तिने एकेक अक्षर कोरून सही केली. धाकटा गाडी दारापाशी आणायला गेला. तिचा चष्मा टेबलावर राहिला होता; ती तो घ्यायला वाकली, तेव्हा पडदा अजून चालूच होता. सीटवरची बाई आता वर, सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती.

पायऱ्या उतरताना तिने गाडीचं दार लागल्याचा आवाज ऐकला. आपल्याच गाडीचा. तो तिने झोपेतही ओळखला असता.

"बसलीस?" पुढून धाकट्याने विचारलं.

"बसले. क्लच सांभाळ," मागच्या सीटवरून तिचाच आवाज आला.

ती धावली. गुडघे धावण्याजोगे राहिले नव्हते, तरी धावली. हाक मारायला तोंड उघडलं, पण श्वास पुरेना. गाडी हलायच्या आत ती मागच्या काचेपाशी पोचली आणि जीव खाऊन अंगठी आपटली.

एकदा. दुसऱ्यांदा.

आत बसलेलीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

धाकट्याने मागे न बघता हात वर केला.

गाडी निघाली. ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. गाडी वळणावर जाईपर्यंत तिला दिसत होतं, मागच्या काचेवरून आतल्या बाजूने एक बोट सावकाश फिरत होतं, धूळ आहे का बघत.