मागच्या सीटचं वजन

"तुमचं पोतं जरा देता का? लगेच परत आणून देतो."

तरणाताठा परका पुरुष माझ्याशी पहिल्यांदा बोलला, ते हे! उत्रोलीच्या रस्त्याकडेला मी भाताचं पोतं राखत उभी होते. पोतं भोरच्या गिरणीत न्यायचं म्हणून माझे वडील, तात्या, बैलगाडी आणायला गेले होते. आणि हा समोर फटफटीवर... अंगात लष्करातला खाकी सदरा, कपाळाला काळं तेल, आणि डोळे असे, की चोर म्हणायचीही पंचाईत.

"पोतं? कशाला?"

"मागं बांधून ही चढण चढून बघायचीय."

"आन् परत न्हाई आलात तर?"

"ही टोपी ठिवून घ्या."

"टोपीचा भात शिजतो व्हय?"

तो हसला, आणि मी पोतं दिलं. का दिलं, ते तात्यांनी पुढं शंभरदा विचारलं. 

तो रायबा. वर डोंगरातल्या हिर्डोशीचा. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून ही जुनी फटफटी घेऊन गावी आला होता. चढणीच्या मध्यावर ती धापा टाकायला लागली, थांबली, आणि रायबा तोंड पाडून पोत्यासकट खाली आला.

"एकट्याला घेऊन चढती," तो म्हणाला. "दोघांना न्हाई."

"मग एकटंच जावा की."

"तेच तर नकोय..." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि चटकन मान खाली घातली. मला उगाचच पदर सारखा करावासा वाटला.

मग बाजारच्या दिवशी तो त्याच ठिकाणी यायला लागला. माझंही पोतं कसं कोण जाणे, नेमकं त्याच दिवशी गिरणीला निघायचं! तो जांभळीखाली इंजिन उघडून बसायचा, मी चार हात लांब उभी राहायची. एकदा त्यानं एक पातळ पत्रा काढून दाखवला.

"हा शिलिंडरच्या बुडाशी असतो. काढला की शिलिंडर खाली बसतो, वरची पोकळी कमी होती. मग पेट्रोलचा वाफारा जास्त दाबला जातो. जेवढा दाबावा, तेवढा जोरात उसळतो."

"आमच्या तात्यांवाणी."

"आन् तू?"

"मला दाबायला अजून कुणी धजलं न्हाई."

बोलून गेले खरी, पण कानाच्या पाळ्या तापल्या.

त्या दिवशी फटफटी पोत्यासकट चढली. वरून त्यानं आरोळी ठोकली आणि मी वेड्यासारख्या टाळ्या पिटल्या. खाली येऊन त्यानं पोतं सोडलं, दोरी गुंडाळली... पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.

"भागू, आता पोतं नको. मागं माणूस पायजे. जन्मभर बसणारं."

"तात्यांना इचारा," म्हणाले, आणि जी पळाले ती घरीच.

त्यानं विचारलं. तात्या भडकले. "माझी बहीण धोंडा अशीच डोंगरात दिली. आजारी पडली की डोली करून उतरवायची. पोरगी तिकडं देणार न्हाई! शिवऱ्याचं स्थळ आलंय. हमरस्त्यावर घर, दारात मोटार थांबती."

"मला रायबाच पायजे," मी म्हणाले.

तात्यांनी डोळे वटारले. पण एकदा तोंडातून निघालं होतं, आता मागं कशाला सरायचं?

"तात्या, तुमी स्वतः बसा त्यांच्या मागं. हिर्डोशीपतोर जाऊन या. गाडी चढली न्हाई तर मी गुमान शिवऱ्याला जाईन. शब्द देते."

तात्यांचा देह माझ्या पोत्याहून चांगलाच भारी. रायबा घाबरला, आणि दाब आणखी वाढावा म्हणून त्यानं वरच्या झाकणाखालचा पत्राही पातळ घातला. निघताना किक मारली तर ती अशी उलटली, की बिचारा नडगी धरून नाचला.

"गाडीलाच तुमी पसंत न्हाई," तात्या म्हणाले आणि ऐसपैस मागं बसले.

दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं. भाकरी करपली, ताक सांडलं. दिवस कलताना फटफट ऐकू आली. तात्या उतरले. रायबा घामानं निथळत होता.

"चढली?" मी विचारलं.

त्यानं सरळ माझ्याकडे बघितलं. "न्हाई. दाब लई झाला, पेट्रोल हलकं. ठोके द्यायला लागली, तापली, आन् हिर्डोशीच्या अलीकडच्या वळणावर बंद पडली. गार झाल्यावर उतारानं आलो."

 शब्द तो शब्द.

"तात्या... शिवऱ्याला सांगावा धाडा."

"पुढचं ऐकशील का न्हाई?" तात्या खेकसले. "बंद पडली, तरी मी उतरलो न्हाई. मुद्दाम! म्हटलं बघू, हा 'उतरा' म्हणतो का. तर यानं मला बसल्या जागी ढकलत हिर्डोशीच्या येशीपतोर नेलं. अवाक्षर न्हाई."

"तात्या! एवढी चढण?"

"मग? गाडी चढली पायजे, एवढंच तू बोललीस. गाडी चढली की! कुणी चढवली, ते कुठं ठरलं होतं?"

आणि धोतर झटकत ते आत गेले.

मला हसू येत होतं आणि रडूही. रायबाच्या तळहातांना फोड आले होते. मला ते हातात घ्यावेसे वाटले, आणि मी घेतले. शेजारची साळूबाई दारातून बघत होती, तरी सोडले नाहीत.

"पत्रा परत जाड घालतो," तो हळूच म्हणाला. "तुझ्या वजनाला ती पुरंल. आन् न्हाईच चढली... तरी तू उतरू नको."

"उतरणार," मी म्हणाले. "तुमी हँडल धरा, मी मागनं ढकलीन."