तीन ठोके आणि एक

दार नुसतं लोटून घ्या, कडी नको. बंद दारावर कुणी टकटक केली की मला अजून धस्स होतं. त्याचंच सांगते.

आमच्या कारखान्यात काही वर्षांनी एकदा शटडाऊन असतं. सगळं बंद करायचं, टाक्या आणि पाइप उघडायचे, कुठे गंज चढलाय, कुठे पत्रा झिजलाय ते बघायचं आणि पुन्हा चालू करायचं. पण सगळंच उघडायला वेळ कुणाकडे असतो? म्हणून कुठली टाकी दगा देण्याची शक्यता किती आणि दिलाच तर नुकसान किती, याचा मेळ घालून मी आधी क्रम लावते. वरच्यांना उघडायचं, खालच्यांना पुढच्या शटडाऊनपर्यंत सोडून द्यायचं. लोकांना वाटतं, काय बघायचं ते मी ठरवते. खरं म्हणजे काय बघायचं नाही ते ठरवायची माझी नोकरी आहे.

हे मला ठोकेकाकांनी शिकवलं. तपासणी खात्यातले सगळ्यात जुने. खिशात छोटी हातोडी असायची आणि दिसेल ते ठोकून त्याचा आवाज ऐकायची सवय. टाकी, जिना, कॅन्टीनचं टेबल, आमच्या डोक्यावरची हेल्मेटंसुद्धा. "आत काही आहे का बघतोय," म्हणायचे. ते टाकीत उतरले आणि मी बाहेर असले की आमची खूण ठरलेली होती. तीन ठोके, जरा थांबून एक. म्हणजे, इथे बघ. मी बाहेरून तिथेच पत्र्याची जाडी मोजायचं मीटर लावायचे आणि ते आतून खडूने गोल काढायचे. पुढे त्यांचं पोट दुखायला लागलं तेव्हा पोटावर हात ठेवून म्हणाले, "याला पुढच्या शटडाऊनला उघडू." तेवढी सवड त्यांना मिळाली नाही. जन्मभर दुसऱ्यांचा गंज शोधला आणि स्वतःला तेवढं सोडून दिलं. त्यांची आठवण आली की आधी मला रागच येतो, रडू नंतर.

त्यांच्या पश्चात हे पहिलंच शटडाऊन. दुसऱ्या दिवशी कारखाना चालू व्हायचा होता. ज्या टाक्या उघडायच्या नाहीत त्यांना हिरव्या पट्ट्या बांधायचं माझं काम तेवढं उरलं होतं. ऊन उतरत आलं होतं. शेवटची टाकी कोपऱ्यातली, उभी, उष्णता धरून ठेवायला खनिज लोकरीचं जाड आवरण घातलेली. तिच्या शेजारच्या व्हॉल्व्हपाशी माझ्या धाकट्या भावाची पाळी असायची. तो तिथेच उभा होता, हेल्मेट मागे सारून कपाळ चोळत.

"ताई, माझ्या टाकीला हिरवी?"

"गुणी आहे ती. मागच्या वेळी जाडी उत्तम होती, आत जातं तेही साधंच. हिला कशाला त्रास द्या?"

"तुझं काय जातं. उद्यापासून हिच्या कुशीत मी उभा राहणार." तो हसला आणि चहाला गेला.

चालू कारखान्यात कानांना घरघरीची इतकी सवय होते की ती ऐकूच येत नाही. ती थांबली की मात्र शांतता अंगावर येते. जुन्या तेलाचा वास होता, ओल्या लोकरीचा होता. लोकर ओली का, हे तेव्हाच माझ्या मनात यायला हवं होतं. मी पट्टीची गाठ मारत होते आणि टाकीच्या आतून आवाज आला.

तीन ठोके. जरा थांबून एक.

पत्रा गार होताना टणकारतो, हे मला माहीत आहे. पण ही टाकी कधीच गार पडली होती. तिचं मॅनहोल, आत उतरायचं तोंड, बंद होतं, बोल्टवरचा रंगही तडकला नव्हता. "कोण... कोण आहे आत?" मी इतक्या हळू विचारलं की ते मलाच नीट ऐकू आलं नाही.

पुन्हा तीन, आणि एक. या वेळी खालून. मी वाकले, तसा आवाज आणखी खाली सरकला, टाकी ज्यावर उभी असते त्या पायाच्या कड्याजवळ. तिथे तो थांबून राहिला. ठोकेकाका असेच थांबायचे, मी मीटर लावेपर्यंत.

मी फिटरला हाक मारली. तो आला आणि लांबच थबकला. "मॅडम... आत कुणी उतरलंय का?"

"मॅनहोल बंद आहे."

मी दाखवलं तिथलं आवरण त्याने कापलं. आतून पाणी ठिबकलं, मग काळी पडलेली लोकर आली आणि तिच्याबरोबर गंजाचे पापुद्रे. आवरणावरच्या पत्र्याच्या फटीतून किती दिवस पाणी मुरत होतं कोण जाणे. घासून मीटर लावलं. पत्रा नावापुरता उरला होता.

"उद्या दाब चढवला असता तर..." फिटर म्हणाला. भाऊ कुठे उभा राहिला असता ते मला दिसत होतं. मी हिरवी पट्टी सोडली.

मॅनेजरसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण आकडा बघितल्यावर चालू करणं पुढे ढकललं. मग मॅनहोल उघडलं. आत टॉर्च मारला. तळावर बारीक धूळ, तिच्यावर पावलाची खूण नाही. आणि कड्याजवळच्या पत्र्यावर, बरोबर त्याच जागी, खडूचा पांढरा गोल.

"मागच्या वेळचा असेल," फिटर म्हणाला. इतकी वर्षं चालू टाकीत खडू टिकत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

मी कॅन्टीनमध्ये जाऊन भावासमोर बसले. त्याला सगळं सांगावं की नुसतं जवळ घ्यावं, कळेना. त्याचं हेल्मेट आमच्या मध्ये टेबलावर पालथं पडलं होतं.

"वाचवलंस की गं," तो म्हणाला. "काकांची चेली शोभतेस."

तेवढ्यात हेल्मेटच्या आतून आवाज आला. अगदी हलका. तीन, आणि एक.

भावाचे दोन्ही हात चहाच्या कपाभोवती होते. त्याला काही ऐकू आलं नव्हतं.

"डोकं दुखतं का रे तुझं?" मी विचारलं.

"हल्ली अधूनमधून. सकाळी जास्त. तुला कुणी सांगितलं?"

"डॉक्टरला दाखवलंस?"

"एवढ्याशाला? शटडाऊन उरकू दे, मग बघू."

मी त्याला तसाच उठवून दवाखान्याकडे निघाले. तो कुरकुरला, हसला, ताई वेडी झालीये असं सगळ्यांना सांगत आला. पण आला. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत दिवा धरला, काही प्रश्न विचारले, मग हसणं बंद करून त्याला तपासणीसाठी आतल्या खोलीत नेलं.

मी बाहेरच्या बाकावर बसले होते, हेल्मेट मांडीवर घेऊन. ते आता गप्प होतं. किती वेळ गेला कळलं नाही, दार काही उघडेना. बसल्या बसल्या मी हेल्मेटच्या आत हात फिरवला. डाव्या कानाच्या जरा वर, जिथे अस्तर डोक्याला टेकतं तिथे, बोटाला काहीतरी भुरभुरीत लागलं.

उजेडात धरून बघितलं. रुपयाएवढा पांढरा गोल होता. खडू अजून ताजा होता.