न घेतलेले नाव

वैशाखातली दुपार. वर्षाली रस्त्यापलीकडच्या दुकानातून शाम्पूच्या पुड्या घेऊन परतली. वर्ध्याच्या त्या रुग्णालयात मेंदूचा आलेख काढण्याचे काम तिच्याकडे होते, आणि तेलकट डोक्यावर त्या यंत्राच्या तारा चिकटत नाहीत. नाचणगावच्या हेमराजचे डोके मात्र रोज सकाळी तेलाने थबथबलेले असे.

"काल सांगितलं होतं ना, तेल लावू नका म्हणून?"

"बिनतेलाचं डोस्कं ठेवलं तं उठल्यावर मलेच बोलतीन," हेमराजची बायको पंचफुला म्हणाली. "तुमाले काय, तुमी चालल्या जासान घरी."

बोलता बोलता तिने गरम पाणी आणले, आणि नवऱ्याचे डोके मांडीवर घेऊन स्वतःच धुतले.

हेमराज मोटारी बांधून देई. जळालेल्या पंपाची मोटार उघडायची, नवी तांब्याची तार भरायची, वर व्हार्निश चढवायचे, हा त्याचा धंदा. फिटचा आजार लहानपणापासूनचा. यंदा कोणीतरी सांगितले, देवावर भार टाक. आणि त्याने गोळ्या सोडल्या. देवाच्याच कृपेने मिळालेले औषध नाकारणे ही भक्ती नव्हे, हट्ट आहे. दुकानातच झटके सुरू झाले ते लवकर थांबेनात. थांबले तेव्हा शुद्ध गेलेली होती. डोळे उघडे असत. पण त्यांतून पाहणारा कोणी नसे.

अशा माणसांच्या आत कोणी जागे आहे की नाही, हे डॉक्टर माधवी शोधत होत्या. रुग्णाच्या कानाशी अनेक नावे ऐकवायची, त्यांत मध्येच त्याचे स्वतःचे. स्वतःच्या नावाला आलेखावर लाट उठली, तर आत कोणीतरी ऐकते आहे. हाक घरच्या माणसाच्या आवाजातली असावी, असा त्यांचा नियम होता.

हेमराजचा थोरला भाऊ बंडूजी दाराशीच उभा होता. "लाट आली तं ठेवतो अजून. नाई आली तं घरी न्याले गाडी बोलावतो. पंचफुलाच्या अंगातलं रगत आटून राह्यलं इथं बसून बसून."

सारे त्या एका लाटेवर येऊन ठेपले होते.

वर्षालीने पंचफुलापुढे ध्वनिमुद्रक धरला. "हेमराज म्हणा. तीनदा."

पंचफुलाने पदर ओठांवर घेतला. "मी नाई घेत जी त्याइचं नाव."

"उखाण्यात घेतलंच असेल की."

"उखान्यात आडून घेतलं. असं उघडं नाई घेतलं कधी. मी आपली 'आयकून राह्यले का जी' म्हन्तो, अन् ते 'हो' म्हन्ते. एवढ्यावरच संसार झाला आमचा." मग तारांच्या जुडग्याकडे पाहत ती किंचित हसली. "शुद्धीवर असते तं पह्यले तुमच्या ह्या तारा गुंडाळून ठेवल्या असत्या. सुटी तार दिसली की अंगठ्यावर घेतली, अन् आठाच्या आकड्यात गुंडाळली. सवयच त्याइले."

वर्षालीला तिची दया आली. तिने दोघांना बाहेर थांबवून खोलीचे दार लावले, स्वतःच्याच आवाजात ते नाव तीनदा भरले, आणि यंत्रात 'पत्नी' अशी नोंद केली. दयेपोटी केलेले खोटेही खोटेच असते. एवढेच की ते उशिरा ओळखू येते.

खोलीत वाळ्याचा ओला वास होता. पडदे ओढलेले होते. कूलरची घरघर दुरून वाहणाऱ्या पाण्यासारखी ऐकू येत होती. हेमराजच्या डोक्यावरून निघालेल्या तारा अंधारात मुळांसारख्या पसरल्या होत्या. यंत्राच्या पडद्यावर संथ लाटा येत होत्या, जात होत्या. परकी नावे आली, लाटा संथच. मग तिचा स्वतःचा आवाज आला. तो तिला अनोळखी वाटला. मऊ, आर्जवी, कोणाची तरी वाट पाहणारा.

हेमराज… हेमराज…

तिसऱ्या हाकेला लाट उठली. उंच, स्पष्ट. त्याच क्षणी वाळ्याच्या वासातून तापल्या व्हार्निशचा वास आला, आणि कोणीतरी उंबऱ्याबाहेर चपला काढाव्यात तसा हलका आवाज झाला. वर्षालीने दाराकडे पाहिले. दार लावलेलेच होते.

डॉक्टर माधवींना आनंद झाला. उद्या पुन्हा पाहू, म्हणाल्या. बंडूजीने गाडीचे नाव काढले नाही. पंचफुलाने मात्र वर्षालीला व्हरांड्यात गाठले.

"म्या तं आवाज देल्ला नाई. मंग कोनं बोलावलं त्याइले?"

"मी. तुमच्या वतीनं."

"तुमी बोलावलं…" पंचफुला हलकेच म्हणाली. "मंग ते कोनाकडे येतीन?"

वर्षालीने हसून ते टाळले. पण दुसऱ्या दिवशी बोरगाव मेघेच्या आपल्या घरून येताना ऑटोत तिला डुलकी लागली. जागी झाली तेव्हा ओढणीचा सुटलेला धागा तिच्या अंगठ्यावर नीट गुंडाळलेला होता. तिने तो घाईने सोडवला. बोटांना व्हार्निशचा वास येत होता.

त्या दिवशी लाट उठली नाही. तीच हाक, तोच माणूस. पण पडद्यावर रिकाम्या घरासारखी शांतता होती.

"थांबा," पंचफुला म्हणाली. ती खाटेशी गेली, डोक्यावरचा पदर तिने नीट केला, डोळे मिटून देवाची क्षमा मागितली, आणि जन्मात प्रथमच ते नाव उघडे घेतले. "हेमराज…"

काही नाही.

"कदाचित यंत्रच बिघडलं असेल," डॉक्टर माधवी म्हणाल्या. "वर्षाली, तारा स्वतःला लावून बघ जरा."

वर्षालीने हेमराजच्या डोक्यावरच्या तारा सोडवल्या आणि स्वतःच्या डोक्यावर चिकटवून घेतल्या. पडद्यावर तिच्या लाटा उमटू लागल्या, साध्या, निरोगी. यंत्र ठीक होते. तिने सुटकेचा निःश्वास सोडला.

पंचफुला नवऱ्याचा हात धरून बसली होती. कोणाला ऐकवण्यासाठी नव्हे, रडता रडता ती पुन्हा म्हणाली, "हेमराज…"

पडद्यावर लाट उठली. कालचीच. तितकीच उंच.

डॉक्टर माधवी पडद्याजवळ वाकल्या. "असं… कसं होईल?" त्या पुटपुटल्या. वर्षालीला उठायचे होते. पण अंगात एक गोड जडपण भरले होते. भरल्या पोटी दुपारी झोपलेल्या माणसाला घरातली चाहूल लागावी, उत्तर द्यावेसे वाटावे, तसे.

पंचफुलाने पडद्याकडे पाहिलेच नाही. ती वर्षालीकडे पाहत होती. मग सावकाश तिने नवऱ्याचा हात खाटेवर ठेवला.

"घेऊन चाला भाऊजी," ती बंडूजीला म्हणाली. "अंग तेवढं घेऊन चाला."

संध्याकाळ होण्याआधी गाडी आली. स्ट्रेचर दारातून निघाले. पंचफुला मागे थांबली. तिने कमरेच्या पिशवीतून फिटच्या गोळ्यांची पट्टी काढली आणि वर्षालीच्या टेबलावर ठेवली.

"या बखतीले चुकवू नका," ती म्हणाली.

वर्षाली मान खाली घालून तारा आवरत होती. तारा अंगठ्यावरून फिरत होत्या, आठाच्या आकड्यात, न चुकता. थांबावे असे तिला वाटत होते. बोटे थांबत नव्हती.

दारापर्यंत जाऊन पंचफुला वर्षालीकडे वळली. फार हळू म्हणाली,

"आयकून राह्यले का जी?"

"हो," उत्तर आले.

बाहेर व्हरांड्यात स्ट्रेचर धरलेला बंडूजी जागीच थबकला. भावाचा आवाज ओळखण्यात तो चुकणार नव्हता. त्याने वाकून हेमराजच्या तोंडाकडे पाहिले.

ओठ मिटलेले होते.