सातव्या दिवसाचा कागद

फाटक खाली येत होतं, घंटा वाजत होती, आणि तो पोरगा खुशाल दांड्याखालून वाकून आत शिरला होता... रुळांच्या मधोमध उभा राहून मोबाइलवर फोटो काढत!

"ओ हिरो!" स्वरूपा केबिनच्या दारातून ओरडली. "मरायचं असंल तर दुसऱ्या फाटकावर जावा. माझ्या पाळीत न्हाय!"

तो दचकला, धडपडला, आणि एक चप्पल चिखलात ठेवून मागं पळाला. मालगाडी गेल्यावर लंगडी घालत केबिनपाशी आला. भिजलेल्या खिशातून त्यानं ओळखपत्र काढलं. पालिकेचा कनिष्ठ अभियंता, नाव सुहास. स्वारी फाटकावरची सुरक्षा पाहायला आली होती.

"मग? बघितली न्हवं सुरक्षा?"

"बघितली की मॅडम, अगदी जवळनं." तो ओशाळून हसला. "माझी चप्पल तेवढी..."

"ती आता रेल्वेची."

तो हसला तसा त्याच्या भुवईवरून पावसाचा थेंब घरंगळला. स्वरूपानं मुद्दाम सिग्नलकडं पाहिलं. निपाणीची ही पोरगी दोन वर्षं फाटकावर होती. ट्रकवाल्यांच्या नजरा परतवून परतवून नाकावर राग ठेवायची सवय लागली होती तिला. त्या दिवशी मात्र तो राग जरा घसरला, हे खरं.

उद्यमबागेच्या मागच्या अंगाला हे फाटक. एका बाजूला कारखाने आणि मोठा रस्ता, दुसऱ्या बाजूला यंत्रमागवाल्यांची वस्ती. दुसरा रूळ पडल्यापासून फाटक एकदा मिटलं की वीस-वीस मिनिटं उघडत नसे. कामगार हॉर्न वाजवून जीव खात, शिव्या मात्र स्वरूपाच्या वाट्याला येत. आता रेल्वे आणि पालिका मिळून इथं रुळांखालून रस्ता काढणार होत्या. पण त्याआधी मोजणी हवी. सलग सात दिवस किती गाड्या जातात, किती सायकली, किती बैलगाड्या, सगळं कागदावर. रोजच्या कागदावर दोन सह्या, एक पालिकेची, एक रेल्वेची. एक कागद जरी खराब झाला तरी पहिल्यापासून पुन्हा सात दिवस. रात्रीची माणसं वेगळी होती, दिवसाचे कागद या दोघांचे.

दुसऱ्या दिवसापासून सुहास केबिनच्या पत्र्याखाली स्टूल टाकून बसू लागला.

"म्हशी कुठल्या रकान्यात घालायच्या हो?"

"म्हशीला इंजिन हाय का?"

"न्हाय. पण तिला हॉर्न हाय... दोन."

स्वरूपाला हसू आवरेना. असला पाणचट विनोद एरवी तिनं खपवून घेतला नसता!

त्या म्हशी राजाबाईंच्या. वस्तीतल्या विधवा बाई, मुलगा आदर्श मागावर, गोठा रुळांच्या पलीकडं. रोज दोन वेळा फाटक ओलांडायच्या, आणि ओलांडता ओलांडता स्वरूपासाठी दुधाची लोटी ठेवून जायच्या. आता त्या दोघांसाठी ठेवू लागल्या.

"हे सायब मोजत्यात काय गं?" चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं. "मान तर सारखी तुझ्याकडंच असती."

"आक्का, मी दोन्हीकडं बघतोय," सुहास म्हणाला.

"दोन्हीकडं बघणारा रुळावर पडतोय बाबा."

पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. पत्र्यावर त्याची एकसारखी टपटप... आणि खाली हे दोघं. तो शहापूरच्या घरातला, बाप शिक्षक, आणि हा सगळ्यांना सुधारायला निघालेला. ती तंबाखूच्या वखारीत राबलेल्या आईची लेक. तो बोलत राही, ती ऐकत राही. गाडी आली की दोघंही गप्प होत. गाडी गेल्यावर तो नेमका तिथूनच पुढं बोलायला लागे. कुणी आपलं वाक्य असं जपून ठेवावं, याचं तिला फार अप्रूप वाटे. सहाव्या दिवशी 'मॅडम'ची 'स्वरूपा' झाली आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कळलंच नाही.

सातव्या दिवशी संध्याकाळी वारं सुटलं. पावसाची तिरपी सर पत्र्याखाली आली आणि शेवटच्या कागदाचा कोपरा भिजला. एक बोटभर. सुहासनं कागद झटकला, उजेडाकडं धरला... आणि धरूनच राहिला.

"भिजला की गं," तो हळूच म्हणाला. "खराब झाला, न्हवं? म्हंजे... परत सात दिवस."

स्वरूपानं पाहिलं. शाई जरा पसरली होती, पण आकडा न् आकडा वाचता येत होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो कागदाकडं पाहत नव्हताच.

"खराबच झालाय," ती म्हणाली, आणि 'कागद खराब' या शेऱ्याखाली तिनं सही केली. सही करताना तिचे कान तापले होते. आनंदानं, दुसरं काय!

ते पुढचे सात दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. हे लपवण्यात अर्थ नाही, तिनंही कधी लपवलं नाही.

मोजणी पूर्ण होऊन कागद पोचले तेव्हा रेल्वे आणि पालिकेची बैठक होऊन चार दिवस झाले होते. त्या वर्षाचं काम यादीतल्या पुढच्या फाटकाला गेलं. तिथं संक्रांतीपर्यंत सिमेंटच्या मोठ्या पेट्या रुळांखाली बसल्या आणि वाहनं खालून धावूसुद्धा लागली. "आपलं पुढच्या वर्षी," सुहास म्हणाला. तीही 'व्हय' म्हणाली. तो आता मोजणीचं निमित्त नसतानाही येत होता. गुढीपाडव्याला घरी लग्नाचं बोलणार होता.

पाडव्याच्या चार दिवस आधी, सकाळी नऊच्या सुमाराला, आदर्शनं आणलेली रिक्षा फाटकाशी येऊन थांबली. मागच्या सीटवर राजाबाई. छातीवर हात, ओठ काळेनिळे.

फाटक मिटलेलं होतं. इकडून मालगाडी आणि तिकडून एक्सप्रेस, दोन्ही निघालेल्या. स्टेशनशी बोलणं झालं की गाड्या जाईपर्यंत कुलूप निघत नाही. ती किल्ली स्वरूपाच्या हातातली नसतेच.

"स्वरूपाक्का, उघड गं!" आदर्श दांडा धरून गदागदा हलवत होता. "पाया पडतो तुझ्या. एकडाव उघड!"

तिनं स्टेशनला फोन लावला. पुन्हा लावला. पलीकडचा आवाज तरी काय करणार? गाड्या वाटेत होत्या. दवाखाना रुळांच्या पलीकडं, पाच मिनिटांवर. लांबून वळसा घालायला मागं रिक्षा काढावी, तर पाठीमागं टेम्पोची रांग लागलेली. बावीस मिनिटं! राजाबाई तिच्याकडंच पाहत होत्या, आणि त्या नजरेत राग नव्हता, हे सगळ्यात वाईट. फाटक उघडलं, पण पुढच्या चौकात पोचेपर्यंतच सगळं संपलं.

तेराव्यानंतर सुहास आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. केबिनच्या पायरीशी येऊन थांबला.

"स्वरूपा, मला तू आवडतीस. हे आधी सांगतो, कारण पुढचं कळल्यावर तू हे ऐकून घेणार न्हाईस. त्यो कागद... खराब झाला न्हवता गं. तुझ्याबरोबर आणखी सात दिवस बसायला मिळावं म्हणून..."

"मला ठाऊक हाय."

"काय?"

"आकडे दिसत हुते, सुहास. मी वाचले हुते. मलापण तेच पाहिजे हुतं."

तो मटकन पायरीवर बसला. इतके दिवस गुन्हा एकट्याचा समजून तो जळत होता. ती त्याच्या शेजारी बसली. रडावंसं वाटत होतं, पण ज्याच्या खांद्यावर रडायचं तोच तर...

"खाली रस्ता झाला असता," ती म्हणाली. "संक्रांतीलाच. त्या वाचल्या असत्या का न्हाय, देवाला ठाऊक. पण दवाखान्यात पोचल्या असत्या. चल, आदर्शला सांगूया."

"त्याला सांगून काय हुणार?"

"काय हुणार म्हणून न्हाय जायचं. त्यो येऊन-जाऊन फाटकाला शिव्या देतोय. त्याला खरं ठाऊक पाहिजे."

पाळी सुटल्यावर दोघं गेली. आदर्शनं माग बंद केला, पाणी दिलं. सुहासनं सगळं सांगितलं, काही न गाळता. मधे अडखळला तेव्हा पुढचं स्वरूपानं सांगितलं. आदर्श खाली बघत ऐकत होता.

"कशाला सांगितलासा?" शेवटी तो म्हणाला. "रेल्वेवर चिडून बरं चाललं हुतं माझं. आता तुमच्यावर चिडायचं व्हय? आई घरात तुमच्याच लग्नाचं बोलायची."

त्यानं उठून माग पुन्हा चालू केला. खडखडाटात पुढचं काही बोलणं शक्यच नव्हतं.

बाहेर ऊन रणरणत होतं. गल्लीत सुहासनं तिचा हात धरला, आणि तिनं धरू दिला. पहिल्यांदाच. घामेजलेला, तिला हवा होता तसाच हात. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ती त्या हातासोबत चालली. मग थांबली.

"मी बदली मागितलीया," ती म्हणाली. "घटप्रभेकडं. तू येऊ नको. फोनबी करू नको."

"तुला मी आवडत न्हाय का?"

"लई आवडतोस," ती म्हणाली. "पण तुझ्याकडं बघून हसायला लागले की मला राजाबाई रिक्षात दिसत्यात. रोज दिसणार, आपल्या घरात, जेवताना. तुलाबी दिसणार."

तिला वाटलं, आता तो भांडेल. हजार कारणं देईल, सुधारायला निघालेला माणूस तो. तो एक शब्द जरी उलटा बोलला असता ना, तरी ती विरघळली असती, बदलीचा अर्जही मागं घेतला असता.

पण त्यालाही त्या दिसत होत्या.

"बरं," तो म्हणाला, आणि त्यानं अगदी हळू, एकेक बोट सोडवत, तिचा हात सोडला.