चादरीवरचा उजेड

बाळ अखेर हसलं, आणि नेमकी तेव्हाच तिच्या फ्लॅशनं मान टाकली.

नवे सेल स्टुडिओतच राहिले होते. गळ्यातला कॅमेरा सावरत ती बाळाच्या घरातून बाहेर धावली आणि समोरचं दार वाजवलं. दार उघडलं ते विस्कटलेल्या केसांच्या एका तरुणानं. हातभर ओरखडे, डोळ्यांत झोप.

"पेन्सिल सेल आहेत का हो? चार लागतील. बाळ हसतंय तोवर..."

त्यानं काही विचारलंच नाही. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, टीव्हीचा रिमोट उघडला, टॉर्च रिकामा केला. आतून बाईमाणसाचा आवाज आला, "भावजी, टीव्हीचा रिमोट कुठे नेलात?"

"थांबा वहिनी, एका बाळाचा प्रश्न आहे."

"अगंबाई! कुणाच्या बाळाचा?"

ती हसू दाबत सेल घेऊन पळाली.

दुसऱ्या दिवशी ती नवे सेल द्यायला गेली, तेव्हा वहिनींनी तिला बसवूनच घेतलं. तो जनावरांचा डॉक्टर होता. ओरखडे म्हणजे एका बोक्याची सही, असं तो म्हणाला. बाळाच्या आईला दर महिन्याला फोटो हवे असत, त्यामुळे तिचं त्या मजल्यावर येणं ठरलेलं. आणि मजल्यावर आलं की समोरचं दार... ते उघडंच असे.

"तुम्ही तो फ्लॅश आढ्याकडे का वळवता? फोटो माणसाचा, उजेड पंख्याला!" तो एकदा बाळाच्या घरी डोकावून म्हणाला.

"थेट तोंडावर मारला की माणूस चोरी करताना पकडल्यासारखा दिसतो, डॉक्टर. भिंतीवरून, आढ्यावरून आलेला उजेड कसा... मायेनं हात फिरवल्यासारखा येतो."

"म्हणजे मी बोक्याला सुई टोचतो तसंच. समोरून गेलो की तो ओरबाडतो. गप्पा मारत बाजूनं जायचं..."

"मग ही सही कशी मिळाली?"

"त्या दिवशी गप्पा जमल्या नाहीत," तो म्हणाला, आणि तिच्याकडे बघत राहिला. ती उगाच लेन्स पुसत बसली. लेन्स स्वच्छच होती.

असं सगळं छान चाललं असताना वहिनींनीच एक दिवस तिचा हात धरला. "अगं, आमच्या भावजींचा एक झकास फोटो काढून दे. चांगलं स्थळ आलंय. मुलगी दातांची डॉक्टर आहे. घरात एकच फोटो, तोही घोड्याशेजारी उभं राहून काढलेला. त्यात घोडा फार गोड आलाय."

"देते ना," ती म्हणाली. आवाज कुठून आला, तिचं तिलाच कळलं नाही.

रविवारी ती गेली. बैठकीच्या भिंती गर्द हिरव्या, आढं लाकडाचं. तिथून उजेड परतवला तर माणूस कावीळ झाल्यासारखा दिसणार. तिनं पांढरी चादर मागून घेतली आणि वहिनींना ती ताणून धरायला सांगून खिडकीजवळ उभं केलं.

"मला काय वाळत घातलंयस का गं?" वहिनी कुरकुरल्या.

तो समोर खुर्चीत बसला. इस्त्रीचा सदरा, विंचरलेले केस. हा फोटो जितका चांगला येईल तितका हा माणूस तिच्यापासून लांब जाणार होता... आणि तो चांगला काढणं तिच्याच हातात होतं.

तिचं बोट हळूच फ्लॅशच्या डोक्याकडे गेलं. चादरीकडे वळवलेलं ते डोकं तिनं सरळ त्याच्या तोंडावर रोखलं. क्लिक!

कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं तर कपाळ तेलकट, डोळे लाल, मानेमागं काळी सावली. असा मुलगा कुणाच्याही आईनं नाकारला असता. क्षणभर तिला बरं वाटलं. मग लाज वाटली. माणसाचं रूप त्याच्यापासून चोरायचं नाही, हा तिनं कामाला हात घातला तेव्हाच घेतलेला वसा. घेतला वसा असा मध्येच टाकता येत नाही. तिनं तो फोटो पुसून टाकला, फ्लॅश पुन्हा चादरीकडे वळवला.

"खांदे सैल सोडा. हनुवटी थोडी खाली. आता इकडे बघा."

"इकडे म्हणजे कॅमेऱ्यात? की तुमच्याकडे?"

"कॅमेऱ्यात," ती म्हणाली. पण बोलताना तिनं कॅमेरा जरासा खाली घेतलाच. तो हसला. चादर उजळली, आणि तो उजेड त्याच्या गालावरून हलकेच उतरला.

आयुष्यात इतका सुंदर फोटो तिनं काढला नव्हता. दोन दिवसांनी तो पाकिटात घालून तिनं वहिनींच्या हातात ठेवला आणि चप्पल घालायला वळली.

"थांब," वहिनी म्हणाल्या. त्यांनी फोटो उजेडात धरला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "हा नाही गं पाठवता येणार."

"का? हलला का?"

"हलला नाही. पण हा फोटो ज्या घरी जाईल, तिथली मुलगी विचारेल ना, हा बघतोय कुणाकडे? माझा दीर लग्नाच्या पंगतीतसुद्धा असा हसत नाही."

डॉक्टर दारात उभा होता. कान लालबुंद.

"मला तरी कुठे फोटो काढायचा होता, वहिनी," तो म्हणाला. "ह्या येणार म्हणालात... म्हणून बसलो."

तिच्या गळ्यात आज कॅमेराही नव्हता, ज्याच्यामागं लपावं.

"पहिला फोटो मी मुद्दाम बिघडवला होता," ती पुटपुटली.

"का?"

"तुम्ही... कुणाला आवडू नये म्हणून."

वहिनींनी कपाळावर हात मारला आणि फोन उचलला. "आता त्या लोकांना मी काय सांगू? मुलानं मुलगी बघितली म्हणून सांगू?" मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "आणि मुलीचं काय गं? तिनं मुलगा बघितला का?"

तो श्वास रोखून उभा होता. तिनं मान वर केली. त्याच्याकडे, सरळ, काही आड न धरता.

"केव्हाच," ती म्हणाली.