शिडीखालचा माणूस

साहेब, तुमचं पत्रक भेकड आहे. म्हणे, ‘नवरा-बायको एकाच बोटीवर नकोत, लक्ष विचलित होतं.’ बंद खिडकीतून समुद्र बघणाऱ्याला हेच सुचणार!

मी या बंदरातली पायलट. बाहेर थांबलेली जहाजं धक्क्याला आणते, निघालेली बाहेर काढून देते. मग चालत्या जहाजावरून दोराच्या शिडीने उतरायचं. खाली आमची छोटी बोट लाटेबरोबर वर-खाली होत असते. ती पुरेशी वर आली, की बोट चालवणारा सारंग ओरडतो, “सोडा!” आणि मी हात सोडते.

जुन्या सारंगाची बदली झाली आणि हा आला. भुवयांवर कोळशाच्या धक्क्यावरची धूळ. मी शिडीवर लोंबकळतेय आणि हा आपला गप्प!

“अहो, झोपलात का?”

“लाट बघतोय मॅडम. तुम्ही लोंबकळा निवांत.”

“निवांत?”

“सोडा!”

घरातल्या पायरीवर टेकावेत, तसे पाय बोटीवर टेकले.

परतताना तो थर्मासच्या झाकणातून चहा द्यायचा. आधी मला, मग उरला तर स्वतःला.

“उतरताना डोळे मिटता तुम्ही,” एकदा म्हणाला.

“म्हणजे तुम्ही लाट बघता की मला?”

“लाटच... मधे तुम्ही येता, त्याला मी काय करू?”

झाकणातला चहा माझ्या शर्टावर सांडला.

मग एकदा तो सुट्टीवर होता. बदली सारंग घाईने ओरडला, माझा गुडघा कठड्यावर आपटला. दुसऱ्या दिवशी मी लंगडत बोटीवर चढले, तर याचा चेहरा लालबुंद.

“कोणी केलं हे?”

“लाटेने.”

“लाटेला काय कळतंय! मी सुट्टी घ्यायलाच नको होती.”

“मग घेऊ नका.”

“जन्मभर?”



“जन्मभर,” मी म्हणाले.

आई म्हणते, “लग्न गुपचूप उरका, नोकरी सांभाळा.” का म्हणून? चोरी केलीय का आम्ही? काल दोघांनी तुमच्या कचेरीत येऊन सांगितलं. तुमचा माणूस मान वर न करता म्हणाला, “मग एकाला बोट सोडावी लागेल.”

लग्न आम्ही करणार, त्याची परवानगी मागत नाहीये. विचारते ते एवढंच, की या सारंगाला शिडीखालून हटवलंत तर मी कोणाच्या शब्दावर हात सोडायचा? तुमच्या? मग या, उभे राहा शिडीखाली. नाहीतर पत्रक मागे घ्या. दोन्हीपैकी काय करताय ते सांगा, साहेब. लेखी सांगा.